लेन्सच्या डबीतलं पाणी

आमच्या दवाखान्यात किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. पेशंट खुर्चीत बसतो, हनुवटी मशीनवर टेकवतो आणि मी विचारते, "लेन्स घरी कशात ठेवता?" बस्स! त्यापुढे मला काही करावं लागत नाही. उत्तरं ऐकून ऐकून मला आता खात्री पटलीय की माणसाचं घर बघायचं असेल तर स्वयंपाकघरात डोकावण्याची गरज नाही, लेन्सची डबी उघडून बघावी.

दवाखाना वसईत, स्टेशनच्या पश्चिमेला. राऊत मॅडम डोळ्यांच्या डॉक्टर. मूळ आगाशीच्या, केळीच्या वाडीवाल्या घरातल्या, त्यामुळे कितीही बिझी असल्या तरी पेशंटच्या केळीची चौकशी करायला त्यांना वेळ असतो. मी चष्म्याचे आणि लेन्सचे नंबर काढते. काउंटरवर अ‍ॅग्नेस. ती दिसायला गरीब गाय, पण बोलते एकच वाक्य आणि मग आम्ही दोघी पाच मिनिटं कामातून जातो.

माझ्या त्या प्रश्नाला मॅडम "पोलीस चौकशी" म्हणतात. पण प्रश्न सुरू झाला तो त्यांच्यामुळेच. खरं तर बस्त्याव तांडेलामुळे.

*

बस्त्याव पाचूबंदरचा. स्वतःची बोट, आणि त्या बोटीचा तांडेल तो स्वतःच, म्हणजे बोट कुठे न्यायची, जाळी कुठे टाकायची, सगळा हुकूम त्याचा. डावा डोळा लहानपणापासून मंद. उजव्यात तरुणपणी दोराचा फटका बसला आणि बुबुळ वेडंवाकडं झालं. चष्म्याने त्याला धड दिसत नाही. कडक लेन्स घातली की मात्र लांबची बोट कोणाची तेही सांगतो. म्हणजे बोट चालवायची ती एका डोळ्यावर, आणि तो डोळा एका लेन्सवर.

एक दिवस तो आला तो हात धरून आणलेला. डोळा लालभडक, पाणी वाहतंय, उजेड सहन होत नाही. बरोबर बायको, मेरीबाय. ती किनाऱ्यावर मासळीच्या लिलावात बोली लावणारी, तिचा आवाज रस्त्यावर ऐकू येत होता.

मॅडमनी मशीनमधून बघितलं आणि शांतपणे विचारलं, "लेन्स कशात ठेवत होतास?"

"सलाइनमधी."

"कुठलं सलाइन?"

बस्त्यावने दुखऱ्या डोळ्यावर हात धरून उत्तर दिलं, "तुमीच सांगला व्हता ना, सलाइन म्हंजे मिठाचा पानी? मंग! आमचे दारान मिठाचा पानी कमी हाय का?"

अख्खा अरबी समुद्र त्याने लेन्सच्या डबीत भरला होता!

हसायला आलं नाही हो आम्हाला. तासातासाला थेंब, मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांकडे फेऱ्या, मेरीबायचे नवस, असं सगळं झालं आणि डोळा वाचला. बुबुळाच्या कडेला एक पांढरा ठिपका राहिला. मॅडमनी त्याला समोर बसवून सांगितलं, "ह्या वेळी काठावर झालं. पुढच्या वेळी मधोमध झालं, तर बोट दुसऱ्याच्या हातात द्यावी लागेल. कुठलंही पाणी लेन्सला लावायचं नाही. समुद्राचं नाही, नळाचं नाही, विहिरीचं नाही."

"प्यायचा?"

"ते पण नाही!"

तो गेल्यावर मॅडम मला म्हणाल्या, "आपण 'सोल्युशनमध्ये ठेवा' म्हणून सांगतो आणि मोकळे होतो. घरी गेल्यावर लोक काय करतात, ते आपण विचारतच नाही." दुसऱ्या दिवसापासून मी विचारायला लागले.

*

पहिलाच बळी मिळाला विरारचा एक साहेब. टाय, बॅग, कानात ते वायर नसलेलं यंत्र. एकदा घालून फेकून द्यायच्या, त्या डेली लेन्स तो वापरायचा. पण नवीन बॉक्स घ्यायला काही केल्या येईना. शेवटी आला तो डोळे चोळत.

"रोज नवीन जोडी घालता ना?" मी विचारलं.

"नवीन कशाला? तीच. रात्री डबीत ठेवतो, सकाळी घालतो."

"अहो, डेली लेन्स आहेत त्या!"

"मग?" त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच अडाणी. "एक दिवस चुकवत नाही मी. डेली म्हणजे डेली!"

*

आगाशीहून एक बँकेतला मुलगा आला. लेन्स हरवल्या म्हणून सांगत होता. मग त्याने बॅगेतून वाळलेल्या केळीच्या पानाची पुडी काढली आणि माझ्या टेबलावर उघडली. आत दोन पारदर्शक, कडक, वाकडे चुरे. हरवल्या नव्हत्या, वाळवल्या होत्या!

घरात त्यांची सुकेळी करायची पद्धत. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची आणि पानात बांधून ठेवायची. आईने बाथरूममध्ये लेन्सची डबी बघितली. पाण्यात काहीतरी दोन नाजूक वस्तू ओल्या पडल्यात. तिने त्या बाहेर काढल्या, फडक्यावर ठेवून अंगणात उन्हात घातल्या आणि संध्याकाळी पुडी बांधून मुलाच्या उशाशी ठेवून दिली.

मॅडमनी आईला फोन लावला. मला वाटलं आता रागावतील. पण आगाशीचं माणूस आगाशीच्या माणसाशी बोलायला लागलं की विषय आधी केळीवर जातो. शेवटी मॅडम लेन्सवर आल्या तेव्हा फोनवरची बाई ठामपणे म्हणाली, "ओलं ठेवलं की बुरशी धरते, डॉक्टर. तुम्हाला काय मी सांगायला पाहिजे? तुमच्या आईचा हात तर सुकेळ्यात काय सुरेख होता!"

मॅडमनी कसंबसं सांगितलं की ही लेन्स वाळली की आतून चिरते, पुन्हा भिजवली तरी घालायची नाही, फेकून द्यायची.

"फेकायची कशाला?" पलीकडून आवाज आला. "पाण्यात नको तर रात्री दुधात भिजत घालते की!"

*

त्यानंतर मी एक नियम केला. कोणालाही हसायचं नाही, आधी विचारायचं की असं का केलंत. कारण प्रत्येकाच्या मागे काहीतरी हिशेब असतो, आणि तो बहुतेक वेळा घरच्या एखाद्या चांगल्या सवयीतून आलेला असतो. माणसं निष्काळजी असतात असं मला आधी वाटायचं. तसं नसतं. ती काळजी घेतात, पण ती केळ्याची, दह्याची किंवा मासळीची.

दह्याची म्हणजे देशमुखबाईंची. नालासोपाऱ्याच्या शाळेत शिक्षिका, हस्ताक्षर मोत्यासारखं, स्वच्छतेच्या बाबतीत कडक. डबी घेऊन आल्या, ती बाहेरून लखलखीत. आत मात्र कडेला पिवळट बुळबुळीत थर.

"बाई, सोल्युशन रोज बदलता ना?"

"रोज नवीन घालतेच मी."

"आणि जुनं?"

"ते राहतं ना थोडं खाली."

"सगळं ओतून नाही देत?"

"सगळं कसं ओतायचं?" बाईंनी मला समजावून सांगितलं. "थोडं जुनं ठेवलं तरच नव्याला गुण येतो. विरजण नाही का ठेवत आपण?"

काउंटरवरून अ‍ॅग्नेस मान वर न करता म्हणाली, "मग लागलं का घट्ट?"

बाई आधी चिडल्या, मग स्वतःच हसायला लागल्या. पण पटलं होतं असं नाही. मी इन्फेक्शन सांगितलं, बॅक्टेरिया सांगितले, त्या शाळेतल्या मुलांकडून पाढे ऐकावेत तशा ऐकत होत्या. शेवटी मी वैतागून म्हटलं, "बाई, ते पाणी उष्टं झालेलं असतं. तुमच्या डोळ्याने उष्टं केलेलं. त्यातच उद्याचं ताजं ओतायचं?"

बाईंनी डबी टेबलावर ठेवली आणि हात मागे घेतला. "शी! उष्टं? हे आधी नाही का सांगायचं!"

तेव्हापासून मला मंत्र सापडला. जुनं सोल्युशन म्हणजे उष्टं. डबी रोज रिकामी करायची, सोल्युशननेच खळखळून धुवायची, झाकणं उघडी ठेवून पालथी वाळवायची, आणि दोन-तीन महिन्यांनी डबीच बदलायची. हे सगळं "उष्टं" ह्या एका शब्दात बसतं. बायका तर लगेच ऐकतात.

*

बस्त्यावला मात्र तो मंत्र चालेना.

तो तपासणीला आला तेव्हा मी मोठ्या ऐटीत उष्ट्याचं सांगितलं. तो हसला. "बाय, आमी बोटीवर सगले एका ताटान जेवताव. उष्टा कोन बघतो?"

झालं! माझा मंत्र पाचूबंदरला पोचायच्या आधीच बुडाला. आणि मला काळजी वाटायला लागली, कारण डबी त्याने आणली होती आणि तिच्यात कालचंच सोल्युशन होतं. समुद्राचं पाणी त्याने सोडलं होतं, पण बाटली लवकर संपू नये म्हणून तेच तेच वापरत होता. त्या एका डोळ्याचं काय होईल ह्या विचाराने मला खरंच राग आला. मी आवाज चढवला, मॅडमनी हाताने थांबवलं.

"बस्त्याव," त्या म्हणाल्या, "बोटीत बर्फ भरतोस ना?"

"भरताव."

"मागच्या फेरीचा उरलेला बर्फ असतो, त्याचं काय करतोस?"

"टाकून देताव. त्याला मासलीचा पानी लागलेला असतो. त्यान ताजी मासली घातली का वाट लागली."

मॅडमनी नुसती डबी त्याच्यापुढे सरकवली.

बस्त्यावने डबीकडे बघितलं. मॅडमकडे बघितलं. पुन्हा डबीकडे. मग उठला, बेसिनपाशी गेला आणि सगळं ओतून दिलं. "मंग असा सांगा ना! मी समजलू ही दवा हाय. ह्यो तर बर्फ हाय!"

आता त्याचा फोन येतो तो असा, "बाय, डोल्याचा बर्फ संपत आला. दोन बाटल्या ठेव." अ‍ॅग्नेसने एकदा शांतपणे विचारलं, "फोडून देऊ, की लादीच नेणार?"

*

जूचंद्रला मी राहते, तिथलीच एक मुलगी लग्न ठरल्यावर आली. डोळ्याला नंबर, त्यासाठी साध्या लेन्स आधीपासून होत्या. लग्नात फोटो चांगले यावेत म्हणून आता तिने राखाडी रंगाच्या, नंबरवाल्या घेतल्या. सगळं नीट शिकवून पाठवलं. आठवड्याने रडकुंडीला येऊन हजर.

"ताई, चक्कर येते. एका डोळ्याने दिसतं, एकाने नाही."

मी डबी उघडली. एका घरात दोन्ही रंगीत लेन्स, एकीवर एक चिकटलेल्या. दुसऱ्या घरात दोन्ही साध्या, त्याही चिकटलेल्या. उजवी कुठली आणि डावी कुठली, देवालाच माहीत.

"अगं, डबीवर लिहिलंय ना, एल आणि आर?"

"हो ना, म्हणून तर तशाच ठेवल्या!"

"तशाच म्हणजे?"

"एल म्हणजे लग्नाच्या, आर म्हणजे रोजच्या!"

*

अ‍ॅग्नेस सगळ्यांची फिरकी घेते, पण तिच्या स्वतःच्या घरचा किस्सा मात्र तिने कित्येक दिवस लपवला होता.

तिची सासू फार भाविक. सून लेन्स घालते म्हणजे डोळ्यांत रोज बोट घालते, हे तिला बघवायचं नाही. घरातली सगळ्यात पवित्र जागा आल्तार, म्हणून तिने सुनेची डबी तिथे नेऊन ठेवली. इथवर ठीक. मग तिला वाटलं, औषधाच्या दुकानातल्या पाण्यापेक्षा चर्चमधून आणलेलं आशीर्वादित पाणी काय वाईट? सून झोपली की डबीतलं सोल्युशन ओतायची आणि ते भरायची. प्रेमाने हो, दुसरं काही नाही.

अ‍ॅग्नेसला कळलं तेव्हा तिची पंचाईत झाली. ते पाणी डोळ्यात घालता येत नाही आणि बेसिनमध्ये ओतताही येत नाही. लेन्स ती लपवलेल्या दुसऱ्या डबीत ठेवू लागली, आणि रोज सकाळी आल्तारावरचं पाणी मोगऱ्याच्या मुळाशी ओतायची, डबी पुन्हा सोल्युशनने धुवायची आणि कामावर यायची. मोगरा तरारला! सासूला बोलायची हिंमत मात्र होईना.

शेवटी तिने फादरना सांगितलं. फादर घरी आले, चहा घेतला, सगळ्यांची विचारपूस केली. निघताना सासूला म्हणाले, "मावशी, मी पण लेन्स लावतो, माहीत आहे का?"

सासू थक्क. "तुम्ही फादर? मग तुमच्या डबीत तर आशीर्वादाचंच पाणी असेल!"

"नाही," फादर म्हणाले. "आशीर्वाद मी डबीला बाहेरून देतो."

*

आणि आता शेवटचा. हा मी आणि अ‍ॅग्नेसने डोळ्यांनी बघितला.

पावसाळा सरून बोटी पुन्हा सुरू झाल्या होत्या. बस्त्याव मोठ्या फेरीला निघणार म्हणून बाटली घेऊन गेला. मॅडमनी पुन्हा बजावलं होतं, "झोपायच्या आधी लेन्स काढायची. पाणी लावायचं नाही. ह्या डोळ्याला दुसरी संधी मिळालीय, तिसरी मिळणार नाही." तो "होय मॅडम" म्हणून गेला. मॅडम बराच वेळ दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "इथे होय म्हणतो. तिकडे समुद्रात कोण बघायला आहे?"

त्यानंतरच्या रविवारी सकाळी आम्ही दोघी मासळी घ्यायला पाचूबंदरला गेलो. लिलाव रंगात आला होता. टोपल्या उतरत होत्या, बायका ओरडत होत्या, मेरीबाय मधोमध उभी. एकेका बोटीची मासळी वाळूवर आली की आधी थोडी बाजूला काढतात. ती घरची. घरी शिजायची ती, तिला बोली लागत नाही. बाकीची लिलावात.

तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, "बस्त्यावची बोट आली." मेरीबाय वळली. इतक्या लवकर ती येणार नव्हती.

बोट किनाऱ्याला लागली. सुकाणूवर बस्त्याव नव्हता, त्याचा भाचा होता. बस्त्याव पुढे बसलेला, डोळ्यांवर काळा गॉगल, एक हात खिशावर दाबून धरलेला. टोपली एकही उतरली नाही. खलाशी खाली मान घालून उतरले. दोघांनी धरून बस्त्यावला उतरवलं.

अ‍ॅग्नेसने माझं मनगट घट्ट धरलं.

"काय झालं?" मी भाच्याला विचारलं.

तो भडकलेलाच होता. जाळी टाकायच्या जागी पोचायच्या आधीच, दुपारी जरा आडवं व्हायचं म्हणून मामाने लेन्स काढली. बाटली हातात घेतली आणि बोट हलली. बाटली समुद्रात! सगळे म्हणाले, पिंपातलं प्यायचं पाणी घे, धुव आणि घाल. एक जण म्हणाला, समुद्राचं घे, आधी चालायचंच की. मामाने कोरडी डबी बंद केली, खिशात घातली आणि म्हणाला, बोट फिरव. डिझेल जळलं, बर्फ वितळला, सगळ्या गावाच्या बोटी पुढे गेल्या आणि आम्ही मागे आलो. भाचा सांगत होता आणि मागे खलाशी कुरकुरत होते.

बस्त्याव चाचपडत वाळूवरून पुढे आला. लेन्सशिवाय त्याला समोरची माणसं नुसती हलताना दिसत असणार. लिलाव थांबला होता. सगळ्या बायका बघत होत्या. मेरीबाय कमरेवर हात ठेवून त्याच्या वाटेत उभी राहिली.

"सगल्यांच्या बोटी भरून येतान," ती म्हणाली. "तू काय आनलास?"

बस्त्यावने गॉगल काढला. डोळा मिचमिचत होता, पण पांढरास्वच्छ होता. लाल रेघ नव्हती. त्याने त्या डोळ्याकडे बोट दाखवलं.

"ह्यो."

मागून एक बाई खच्चून ओरडली, "चला गो! तांडेलचा डोला आयला! बोला, कोन घेतो? बोला!"

सगळा किनारा हसला. खलाशीसुद्धा हसले. हसली नाही ती फक्त मेरीबाय. ती पुढे झाली, बस्त्यावचा दंड धरला, त्याला टोपल्यांच्या रांगेतून ओढून आपल्या बाजूला उभा केला आणि लिलावातल्या त्या आवाजात म्हणाली,

"ह्याला बोली नाय. ह्यो घरचा हाय!"